चाळिशीत सायकल: मुंबईत बायकांनी सुरुवात कुठल्या रस्त्यावर करावी?

वडाळ्याची_मुग्धा (रविवार, रात्री १०:१२)

मंडळी, मी चव्वेचाळीस वर्षांची. सायकल आठवीत असताना कराडला शिकले, बारावीनंतर हात लावला नाही. दोन महिन्यांपूर्वी हौसेने हायब्रिड (रेसिंग आणि डोंगरी सायकलीच्या मधला प्रकार) घेतली. आता बिल्डिंगमधल्या आणखी तिघी तयार झाल्यात. त्यातल्या सुनंदाला एक हात सोडला की हँडल डगमगतं, म्हणून ती वळताना नुसतं तोंडाने "वळतेय, वळतेय" ओरडते.

धागा काढायचं कारण आज सकाळी घडलं. एका ग्रुपचा मेसेज आला होता, "बिगिनर राइड, फक्त २५ किमी, मरीन ड्राइव्ह". मी एकटीच गेले, म्हटलं आधी आपण बघून येऊ. जानेवारीतले पहाटेचे पाच, मिट्ट काळोख. आंबेडकर रोडने निघालो. परळच्या पुलाच्या चढावर मी घाईत गिअर बदलला आणि चेन उतरली. पुढचे पंधरा लाल दिवे लुकलुकत गेले ते गेलेच. कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, मागून टेम्पोचा हॉर्न. मी सायकल उभी धरून कठड्याला पाठ लावली आणि फोन केले, कुणी उचलला नाही. शेवटी एक पेपरवाला थांबला. त्याने एक अक्षर न बोलता सायकल उलटी केली, बोटाने चेन दात्यांवर चढवली, हात एका जुन्या पुरवणीला पुसले आणि गेला. मी तिथूनच परत फिरले.

तर मला किमी नकोत, वेग नको, मेडल नको. आम्ही चौघींनी कुठल्या रस्त्यावर सुरुवात करावी आणि तोच का, हे सांगा.

घाटवेडा_रोहन (रविवार, रात्री १०:४०)

एका चेनने खचू नका! सगळ्यांचं होतं. मरीन ड्राइव्हला पर्याय नाही, पुन्हा जा. तीन महिने नेमाने चालवा, मग २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब राइड) करा, साडेतेरा तास मिळतात, आरामात होते. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली १५९ दिवसांत २९ हजार किमी करून जगाला फेरी मारली, तेही विशीत. मनावर घेतलं तर काय होत नाही?

शिल्पा_लोखंडवाला (रविवार, रात्री १०:५८)

रोहन, तिला वडाळ्याहून निघून वडाळ्याला सुखरूप परत यायचंय. तू तिला जगाच्या फेरीला कुठे पाठवतोस?

आज्जीची_ॲटलास (रविवार, रात्री ११:३५)

मुग्धा, पहिलं म्हणजे त्या ग्रुपचं नाव इथं लिहू नकोस, नाहीतर धागा भांडणात जाईल. दुसरं, चूक तुझी नाही. शेवटच्या माणसाच्या मागे एक जाणता माणूस नसेल तर तिला बिगिनर राइड म्हणू नये, एवढंच.

माझं वय चौसष्ट. ॲटलास खरंच होती, आता ती आमच्या वॉचमनकडे आहे. गेली नऊ वर्षं मी माटुंग्याच्या बाजूला बायकांना रस्त्यावर सायकल चालवायला घेऊन जाते. पैसे घेत नाही, त्यामुळे माझी बडबड ऐकून घ्यावी लागते.

रस्ता निवडताना लोक अंतर बघतात, चढ बघतात, समुद्र दिसतो का ते बघतात. मी दोनच गोष्टी मोजते: उजवी वळणं किती, आणि डावीकडून किती गल्ल्या येऊन मिळतात. नवशिकी बाई सरळ रस्त्यावर सहसा पडत नाही. उजवीकडे वळायचं म्हणून ती मागे बघायला जाते, मान वळते, मानेबरोबर खांदा आणि खांद्याबरोबर हँडल. झालं, ती रस्त्याच्या मध्ये. नाहीतर डावीकडच्या गल्लीतून एखादी स्कूटर नाक बाहेर काढते आणि ही दचकून करकचून पुढचा ब्रेक दाबते.

म्हणून माझ्याकडे सुरुवात उलट्या प्रदक्षिणेने होते. देवळात देव उजव्या हाताला ठेवून फिरतो ना, तशी इथं बाग डाव्या हाताला ठेवायची. पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सपैकी एक बाग धरायची आणि तिच्याभोवती फिरत राहायचं. सगळी वळणं डावी, वाहतुकीला आडवं एकदाही जावं लागत नाही. डाव्या हाताला बागेचं कुंपण, तिथून कोण शिरणार? रस्ते रुंद, झाडं जुनी, सिग्नल नाही. आणि दहा फेऱ्या झाल्या तरी घर चालत जाण्याइतक्या अंतरावर. चेन उतरली तर सायकल ढकलत घरी. यालाच मी सुरक्षित रस्ता म्हणते.

तिसऱ्या फेरीला कंटाळा येतो. येऊ द्या. कंटाळा आला की हात मोकळे पडतात, मग शिकवायला मजा येते. मी मागे उभी राहते आणि हवेत बोटं धरते. पुढे जाणाऱ्या बाईने उजव्या खांद्यावरून मान वळवून आकडा ओरडायचा आणि सायकल रेषेतच ठेवायची. पहिल्या दिवशी सगळ्या "तीन" म्हणतात, मी दोन दाखवलेली असतात. ज्या दिवशी आकडा बरोबर येतो आणि चाक हलत नाही, त्या दिवशी ती बाई दुसऱ्या रस्त्याला जायला मोकळी. तुमच्या सुनंदालाही हाच उपाय. आधी मान, मग हात.

माहीमकर (सोमवार, सकाळी ७:०५)

आज्जी, साष्टांग. तीस वर्षं सायकल चालवतोय, पण डावी-उजवी वळणं अशी मोजून बघितली नव्हती.

याच हिशेबाने मरीन ड्राइव्ह बघा. रस्ता ३.६ किमीचा. नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीकडे जाताना समुद्र डाव्या हाताला. समुद्रातून स्कूटर येत नाही. एवढ्या लांबीत डावीकडे गल्ली नाही असा रस्ता शहरात शोधून सापडायचा नाही. परत येताना मात्र बिल्डिंगांची बाजू, तिथं प्रत्येक गल्ली डावीकडून फुटते. म्हणजे एकाच रस्त्याची जाणारी बाजू सोपी आणि येणारी अवघड.

आणि आता त्यात भर पडलीय. कोस्टल रोडचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये आणि उत्तरेकडे जाणारी बाजू जूनमध्ये सुरू झाली, तेव्हापासून प्रिन्सेस स्ट्रीट पुलाच्या आसपास बोगद्याकडे जाणाऱ्या गाड्या वेग पकडतात आणि लेन बदलतात. नवशिक्याने तिथपर्यंत जाऊच नये. एनसीपीएपासून (नरिमन पॉइंटच्या टोकाचं नाट्यसंकुल) निघायचं, चर्चगेटच्या सिग्नलला उतरायचं, सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून पलीकडे, आणि सावकाश परत. उतरून चालत रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही, मी आजही करतो.

सायकल कुठे नेता येत नाही तेही लिहून ठेवतो, कारण गूगल मॅपला कधी कधी दुर्बुद्धी सुचते: वांद्रे-वरळी सागरी सेतू, कोस्टल रोड, अटल सेतू. जेजेच्या पुलावर दुचाकींना मनाई आहे, आपणही खालूनच जायचं.

वडाळ्याची_मुग्धा (सोमवार, सकाळी ९:२०)

हे वाचून मला परळचा पूल नव्याने समजला. एनसीपीएपर्यंत पोचायचं कसं पण? वडाळ्याहून तिथं जाणं हाच तर अवघड भाग आहे.

माहीमकर (सोमवार, सकाळी ९:४८)

बरोबर पकडलंत. रस्त्याचं कौतुक सगळे करतात, त्या रस्त्यापर्यंतचा रस्ता कुणी सांगत नाही. पहिले काही महिने सायकल गाडीच्या डिकीत टाका, मागची सीट पाडली आणि पुढचं चाक काढलं की हायब्रिड बसते. पुढचं चाक क्विक रिलीजचं आहे का बघा, हाताने निघतं. चौघी असाल तर एक छोटा टेम्पो ठरवा.

आणि रविवारी तिकडे गेलातच तर मरीन ड्राइव्हच्या आधी बॅलार्ड इस्टेट करा. १९०८ ते १९१४ मध्ये आखलेली वसाहत, जॉर्ज विटेटच्या इमारती, सगळी कचेऱ्यांची वस्ती. रविवारी सकाळी तिथं कुत्री आणि वॉचमन, तिसरं कुणी नाही. चौक छोटे, रस्ते सरळ, प्रत्येक चौकात थांबून दोन्हीकडे बघायची सवय लावायला याहून चांगली जागा नाही. उजवी वळणं शिकायची ती इथे.

अवांतर: माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, हा नवशिक्यांचा केवढा फायदा आहे हे उपनगरात गेल्यावर कळतं. प्रवासी दिसला की कचकन डावीकडे थांबणारं एक वाहन कमी. टॅक्सीवाले थांबतात, पण निदान आधी जरा रेंगाळतात.

लीना_बोरिवली (सोमवार, दुपारी १:१५)

आम्हा रिक्षावाल्या प्रदेशातल्या गरिबांसाठी: संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. गेटच्या आत भाड्याने सायकल मिळते, म्हणजे ज्यांनी अजून घेतली नाही त्यांनाही चालेल. सोमवारी बंद असतं. घ्यायच्या आधी ब्रेक दाबून बघा, सीट वरखाली होते का बघा. मला एकदा अशी मिळाली होती की मी चालवतेय की ती मला, कळेना.

पण एक सांगते, कान्हेरीला जायच्या फंदात पहिल्या दिवशी पडू नका. गेटपासून लेणी सहा-सात किमीवर आणि शेवटचा चढ दमवतो. चढताना नुसता दम लागतो, ढकलत गेलं तरी चालतं. खरा प्रश्न उतरतानाचा आहे. भाड्याच्या सायकलीचे ब्रेक, उतारावर वाळलेला पाला, मध्येच माकडांचं कुटुंब. माझ्या वहिनीने पूर्ण उतार पुढचा ब्रेक धरून काढला आणि खाली आल्यावर तिची बोटं उघडेनात. दोन्ही ब्रेक मिळून, दाबा-सोडा-दाबा-सोडा करत उतरायचं असतं. गेटच्या जवळच्या सपाट भागात तासभर फिरा, तेवढं पुष्कळ आहे.

आणि मेट्रो! २ अ आणि ७ या दोन मार्गांच्या गाड्यांमध्ये सायकल नेता येते, टोकाच्या डब्यांत ती अडकवायची सोय केलेली आहे. मेट्रो ७ चं एक स्टेशनच राष्ट्रीय उद्यान नावाचं आहे. दहिसर किंवा अंधेरीच्या बायकांना हायवेला चाक न लावता इथे येता येतं. सकाळी गर्दी व्हायच्या आत.

घाटवेडा_रोहन (सोमवार, दुपारी २:००)

मग गोरेगावची आरे कॉलनी का नको? झाडी, गारवा, हलके चढउतार. मी तर आरेतच तयार झालो.

लीना_बोरिवली (सोमवार, दुपारी २:२०)

तू पुरुष आहेस आणि पहाटे साडेपाचला एकटा जातोस. आरेतून गोरेगाव-पवई-मरोळ असा शॉर्टकट मारणारे बाइकवाले आणि रिक्षा इतक्या जोरात असतात की झाडीकडे बघायला फुरसत नसते. त्यात बिबटे. ही अतिशयोक्ती नाही, तिथे बिबट्यांचा वावर आहे, म्हणून उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर मी कुणालाच जा म्हणणार नाही. सकाळी आठला, चौघीजणी, तिथल्या छोटा काश्मीर बागेपर्यंत, एवढंच. तेही सहा महिने चालवल्यावर.

शिल्पा_लोखंडवाला (सोमवार, रात्री ९:३०)

वेळेचा मुद्दा निघालाच आहे तर माझं म्हणणं मांडते. सगळे सायकलवाले "पहाटे लवकर निघा, रस्ता रिकामा असतो" म्हणतात. रिकामा रस्ता आणि सुरक्षित रस्ता एकच नाही, निदान बाईसाठी तरी नाही. रविवारी पहाटे पाचला रस्त्यावर कोण असतं? शनिवारच्या पार्टीहून परतणारे. लिंक रोडवर माझ्या शेजारून एक गाडी सावकाश चालत राहिली, काच खाली, आतून कॉमेंट. दोन मिनिटं असेल, मला तासभर वाटली. मी पुढच्या पेट्रोल पंपात शिरले आणि पंपावरच्या मुलाशी हवा भरायच्या गप्पा मारत बसले. गाडी गेली.

तेव्हापासून मी रस्त्यावर माणसं यायची वाट बघते. दूधवाले, चालायला निघालेले काका-काकू, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया. त्यांच्यामुळे वेग कमी होतो, पण कुणीतरी बघत असतं. जानेवारीत मुंबईला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास, मे-जूनमध्ये सहाला. म्हणजे "पहाटे साडेपाच" हा नियम मे महिन्यात ठीक, आत्ता पाळलात तर तास-सव्वा तास काळोखात जातो. घड्याळ न बघता आकाश बघा.

शनिवार सकाळ रविवारपेक्षा बरी असा माझा अनुभव आहे. आणि १०३ हा मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा नंबर स्पीड डायलला ठेवा, ११२ आहेच.

अजून एक, ज्यावर कुणी बोलत नाही. शौचालय. मी रस्ता ठरवताना आधी ते बघते. चार-पाच किमीच्या आत पंप, स्टेशन किंवा बरी जागा नसेल तर तो रस्ता माझ्यासाठी बाद. नाहीतर बायका पाणीच पीत नाहीत, आणि मुंबईच्या दमटपणात पाणी न पिता सायकल चालवणं म्हणजे चक्कर येऊन पडायची तयारी. मरीन ड्राइव्हच्या पदपथावर सार्वजनिक शौचालय आहे, राष्ट्रीय उद्यानातही आहे. पाळीच्या दिवसांत तर हे सगळं आधीच ठरलेलं असावं, म्हणूनही छोटी फेरी बरी, घर जवळ असतं.

पक्या_मुलुंड (मंगळवार, सकाळी ८:१०)

सगळे दक्षिण आणि पश्चिम. पूर्व उपनगरात माणसं राहतात हो.

आमच्याकडे तानसा जलवाहिनीच्या कडेने रस्ता आहे. महापालिकेची योजना मुलुंडपासून धारावीपर्यंत ३९ किमी सायकल मार्गाची होती. मी काही त्या ३९ किमीच्या बाता मारत नाही. आमच्या मुलुंडच्या तुकड्यापुरतं बोलतो: एका बाजूला पाइप. आज्जींच्या भाषेत सांगायचं तर पाइपातून स्कूटर येत नाही. माझी बायको इथेच शिकली. त्रास एकच, चालणारे लोक चौघे चौघे आडवे चालतात आणि घंटी वाजवली की उलट्या दिशेला उडी मारतात. तिने घंटी सोडून दिली, लांबूनच "काका, डावीकडून येते" म्हणते. शंभर टक्के चालतं.

बाकी "सायकल ट्रॅक" असं लिहिलेलं बघून भुलू नका. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) २०११ च्या सुमारास १३ किमीचे पट्टे आखले होते, त्यावर गाड्या उभ्या राहिल्या. पवई तलावाच्या काठचा ट्रॅक हायकोर्टाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला, काढून टाकायला सांगितला, आणि तलावाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद ठेवून संडे स्ट्रीट्स सुरू केले होते. त्या सकाळी माझी मुलगी मधल्या लेनमधून सायकल चालवत होती आणि मी बाजूला उभा राहून, खोटं कशाला बोलू, डोळे पुसत होतो. ते मात्र नेमाने व्हायला हवं होतं.

आज्जीची_ॲटलास (मंगळवार, दुपारी ४:००)

पक्या, छान लिहिलंस.

आता खाली बघायला शिका. म्हणजे रस्त्याकडे. मुंबईत सध्या जिकडे तिकडे काँक्रीट झालंय. काँक्रीटचा पट्टा जिथे संपतो आणि कडेचे पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे दोन बोटांची फट राहते, कधी तेवढीच पायरी. तुझ्या हायब्रिडचा टायर असेल ३५ मिमीच्या आसपास. गाडीला वाट द्यायला म्हणून बाई हळूच डावीकडे सरकते, पुढचं चाक त्या फटीत जातं आणि रुळात अडकल्यासारखं चालतं. हँडल वळवायला गेलं की आडवी. माझा डावा मनगटाचा सांधा त्यामुळेच पावसाळ्यात बोलतो. फट ओलांडायचीच असेल तर वेग कमी करून, तिरकं नाही, शक्य तितकं काटकोनात. आणि कडेला चिकटूनच चालवू नका, हातभर रस्त्यात राहा. हॉर्न वाजवतील, वाजवू देत. हॉर्न वाजवला म्हणजे त्याने तुम्हाला बघितलं.

गटाराच्या जाळ्यांचे गज तुमच्या दिशेने असतील तर तेच. पावसाळ्यात पाणी साचलेल्या खड्ड्यातून चाक घालायचंच नाही, खाली काय आहे ते फक्त महापालिकेला ठाऊक, कधी कधी तिलाही नाही.

उभ्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर. शिवाजी पार्कची उलटी प्रदक्षिणा मी याच कारणासाठी नवशिक्यांना देत नाही. फेरी सव्वा किमीच्या आसपासची, कट्टा डाव्या हाताला, दिसायला अगदी झकास. पण कट्ट्याला लागून गाड्यांची रांग आणि एका बाजूला सावरकर मार्गाची बस. बेस्टची बस थांब्यावर उभी असेल तर तिच्या डावीकडून कधीही घुसायचं नाही, माणसं उतरत असतात. मागे थांबा. घाई कसली आहे?

डॉ_सायली (मंगळवार, रात्री ११:१०)

रस्ता कितीही चांगला असो, सीट चुकीची असेल तर बाई महिन्याभरात सायकल विकते. दुकानदार नवशिक्या बाईला सीट खाली करून देतो, "पाय टेकले पाहिजेत ना मॅडम". त्याने गुडघे दुखतात. पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवून पाय सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने चालवताना गुडघ्यात योग्य वाक राहतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा. हे उतरणं फाइव्ह गार्डन्सला पन्नासदा करा. सुरुवातीचे दोन आठवडे सीट थोडी खाली ठेवलीत तर हरकत नाही, भीती गेली की वर घ्या. पॅडवाली शॉर्ट घेणार असाल तर आत अंतर्वस्त्र घालायचं नसतं, शिवणी घासतात. वरून कुर्ता घाला, कुणाला काय दिसतंय. ओढणी मात्र नको, चाकात गेलेली मी टाके घालताना पाहिली आहे.

शिल्पा_लोखंडवाला (बुधवार, सकाळी १०:००)

आणि एकदा हात बसला, कंटाळा फारच आला, की मार्वेहून फेरीबोटीने मनोरी. बोटीत सायकल घेतात. पलीकडे उतरलं की मनोरी, गोराई, उत्तन, गावठाणातले क्रॉस, वाळत घातलेली मासळी, आणि रस्त्यावर गाडी कमी. रविवारी रिसॉर्टवाले आणि पॅगोडाला जाणारे असतात, म्हणून शनिवार. उत्तनच्या डोंगराकडे वळू नका, गोराईतून परत फिरा. बोट पकडायची घाई करू नका, एवढं मात्र ऐका. माझी मैत्रीण ओल्या जेट्टीवर पेडल मारत गेली आणि शेवाळावरून थेट तिकीटवाल्याच्या पायाशी. जेट्टीवर उतरून चालायचं.

वडाळ्याची_मुग्धा (शनिवार, सकाळी ११:४५)

जाऊन आलो! सव्वासातला फाइव्ह गार्डन्स. उजाडलेलं, चालणाऱ्यांची गर्दी, एक काका लाफ्टर क्लबमधून आम्हाला बघून खरंच हसत होते. बाग डाव्या हाताला ठेवून अकरा फेऱ्या. आज्जी, तुम्ही येणार म्हणून सांगितलं नव्हतं, अचानक मागून "किती बोटं?" असा आवाज आला तेव्हा मी जवळजवळ कुंपणात गेले होते. मी "तीन" म्हणाले. दोन होती.

सुनंदाने सातव्या फेरीला डावा हात सोडला. वळायला म्हणून नाही, तिच्या सासूबाई बाकावर येऊन बसल्या होत्या, त्यांना टाटा करायला. सासूबाईंनी नंतर विचारलं, तिसऱ्या फेरीपासून त्याच त्याच झाडाभोवती का फिरताय, हरवलात का?

चौथीचं, वैशालीचं, ब्लॉकच्या कडेला चाक सरकलं, पण ती पाय टेकून उभी राहिली, पडली नाही. वेग एवढा कमी होता की पडायला वेळच मिळाला नाही. नंतर माटुंग्यात इडली.

पुढचा शनिवारही इथेच. बॅलार्ड इस्टेट आकडा बरोबर आल्यावर.

सायनची_नवीन (शनिवार, दुपारी १२:३०)

मी गेले पाच दिवस नुसतं वाचतेय. छत्तीस वर्षांची, सायकल भाचीची, छोटी आहे. पुढच्या शनिवारी मी आले तर चालेल का? मला तर सरळही जाता येतं की नाही शंका आहे.

आज्जीची_ॲटलास (शनिवार, दुपारी १२:५०)

ये. सीट वर करायला पाना मी आणते. सायनहून चालवत येऊ नकोस, सायकल टॅक्सीच्या कॅरिअरवर टाक, काळी-पिवळीवाले घेतात, आधी भाडं ठरव.

वडाळ्याची_मुग्धा (शनिवार, दुपारी १:०५)

आणि घरात हवेचा पंप असेल तर घेऊन ये गं. आमच्याकडे एकच आहे आणि तो वैशालीच्या व्हॉल्व्हला बसत नाही, आज तिने अकरा फेऱ्या अर्ध्या हवेवर मारल्या.